निळ्या टाक्यांची घरं

गॅसला स्वतःचा वास नसतो. नोकरीच्या वर्षांत किती स्वयंपाकघरांत मी हे सांगितलं असेल त्याची गणती नाही, आणि बहुतेक ठिकाणी समोरच्या बाईला ते खोटं वाटायचं. सडक्या कोबीसारखा जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती नाकाला कळावी म्हणून. हे ऐकल्यावर बाई आधी टाकीकडे बघायची, मग माझ्याकडे. विश्वास दोघींपैकी कुणावर ठेवायचा ते तिचं ठरत नसे.

मी जालन्यातल्या एका गॅस एजन्सीत शिकवणारी बाई होते. असं पद कुठल्या कागदावर नव्हतं. हजेरीपटावर मी कारकून होते. पण माझं काम घरोघर जाऊन बायकांना गॅस पेटवायला शिकवायचं. जुना जालना, मस्तगड या भागांत लोक मला शकुंतला या नावानं नव्हे, ‘गॅसवाल्या बाई’ म्हणूनच ओळखायचे. बाजारात भाजी घेताना एखादी अनोळखी बाई थांबवायची आणि बर्नर पिवळा जळतो, काय करू, असं विचारायची.

जालना जिल्हा नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. नवी कचेरी आली, तिच्यासोबत बदलीचे अधिकारी आले, आणि त्यांच्या बायका आधीच्या गावाहून गॅसची कार्डं घेऊन आल्या. त्यांच्या शेजारणींनी त्यांच्या घरी निळी ज्योत पाहिली आणि एजन्सीसमोर नाव नोंदवायला रांग लागली. नंबर यायला वर्षानुवर्षं लागायची. मुलीच्या जन्माच्या वर्षी नाव नोंदवलं आणि ती शाळेत जायला लागल्यावर टाकी आली, अशी घरं मला माहीत आहेत.

एजन्सी मदनलालजींची. त्यांचे आजोबा राजस्थानातून येऊन जुन्या जालन्यात धान्याच्या व्यापारात स्थिरावले होते. शेठजींची अडचण अशी होती की टाकी घरात पोचायची, पण ती जोडून देणारा पुरुष माणूस स्वयंपाकघरात चालायचा नाही. त्यांचे फिटर रशीदभाई हुशार माणूस, पण अर्ध्या घरांत त्यांना उंबऱ्यावरूनच ‘ठेवा आणि जा’ असं सांगितलं जायचं. मग न शिकलेली बाई एका हातानं नॉब फिरवायची आणि दुसऱ्या हातानं काडीपेटी शोधत बसायची. तेवढ्यात गॅस साठायचा. एकदोन घरांत पदर पेटले तेव्हा शेठजींनी मॅट्रिक झालेली बाई शोधायला सुरुवात केली. माझे यजमान नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या ओळखीनं निरोप आला आणि मी गेले.

रशीदभाई आणि मी जोडीनं फिरायचो. ते सायकलला टाकी बांधून पुढं, मी पिशवीत साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन मागं. ते दाराशी थांबून मला बारीक बारीक सूचना करायचे आणि मी आत जोडणी करायचे. सगळं काम त्यांनीच मला शिकवलं. जोडावर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला तर गळती. काडी आधी पेटवायची, नॉब नंतर. आणि गॅस हवेपेक्षा जड असतो, तो धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरून जमिनीवर पसरतो. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि बायकांना पटवायला सगळ्यांत अवघड.

पहिली मोठी हार मला खुद्द शेठजींच्या घरी पत्करावी लागली. साऱ्या गावाला गॅस वाटणाऱ्या माणसाच्या घरात कोळशाची शेगडी होती, कारण त्यांच्या माँजींना गॅस नको होता. गॅसवरच्या रोट्यांनी पोट फुगतं, असं त्या म्हणायच्या. सुनेचा खोकला थांबत नव्हता. शेठजींनी मला पाठवलं. मी माझं सगळं पाठ केलेलं बोलले. माँजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बेटी, सारी उमर मी बसून रोटी केली. तू मला आता उभी करू राह्यली.”

त्यांचं पोटाचं कारण खरं नव्हतं हे मला तेव्हा कळलं. त्यांचे गुडघे गेले होते. गॅसची शेगडी जमिनीवर मांडता येत नव्हती, कारण ती टाकीपेक्षा उंचावर लागते, आणि उभं राहून त्यांना दोन रोट्याही झाल्या नसत्या. म्हणजे गॅस आला की स्वयंपाक सुनेच्या हाती जाणार. भीती ती होती. मी रशीदभाईंना सांगितलं. त्यांनी ओळखीच्या सुताराकडून एक उंच, पाठ असलेलं स्टूल करून आणलं, पाय टेकायला खाली फळी लावलेलं. माँजी त्यावर बसून ओट्याशी रोट्या करायला लागल्या. पुढं कितीतरी वर्षं केल्या. सुनेला मात्र शेवटपर्यंत भाजी चिरायचंच काम राहिलं, त्याबद्दल ती मला अजून बोल लावते.

त्यानंतर मी घरात शिरल्यावर आधी बाई कशी बसते, कशी उठते ते बघायला लागले. त्या काळात जालन्यातल्या गवंड्यांना ओटे बांधायचं काम पुरत नव्हतं. बायका चुलीपासून उठून उभ्या राहिल्या. याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, पण मी ते घरोघर पाहिलं आहे.

धान्याच्या गल्लीतल्या एका घरून गळतीची तक्रार आली होती. रशीदभाईंनी तीनदा साबण लावला, नळी बदलली, वास जाईना. शेवटी ज्वारीच्या पोत्यांमागं मेलेला उंदीर निघाला. घरातली माणसं हसून हसून दमली आणि तक्रार करणारी सून इतकी ओशाळली की मी परत तिला भेटून, पुन्हा शंका आली तर पुन्हा बोलवा, दहा वेळा बोलवा, असं समजावलं. तिला हसणाऱ्या सासऱ्यांनाही मी तेच ऐकवलं, जरा मोठ्या आवाजात. वास आल्यावर लाजून गप्प बसणारी बाई मला सगळ्यांत धोक्याची वाटायची.

अशी दहाएक वर्षं गेली. मग देशात बाजार उघडल्याच्या बातम्या यायला लागल्या. मास्तर पेपर वाचून दाखवायचे, पण आमच्या धंद्याशी त्याचा संबंध असेल असं मला वाटलं नव्हतं. एक दिवस कळलं की खासगी कंपन्यांनाही परदेशातून गॅस आणून विकायची परवानगी मिळाली आहे. थोड्याच महिन्यांत नव्या जालन्यात एक चकचकीत दुकान उघडलं. काचेचं दार, आत पंखा, आणि ओळीनं मांडलेल्या निळ्या टाक्या. नंबर नाही, रेशनकार्ड नाही, आज सांगा आणि उद्या घ्या. आमच्या लाल टाकीपेक्षा महाग, पण वाट बघणं नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, आता ती राहिलेली नाही.

दुकानाचा मॅनेजर निखिल म्हणून पुण्याचा मुलगा होता, पंचविशीतला, गोड बोलणारा. तो आमच्या घरी आला. गावातल्या बायका तुमचं ऐकतात, आमच्याकडे या, असं म्हणाला. पगार जवळजवळ दुप्पट. पण खरं सांगायचं तर पगारापेक्षा त्याच्या दुसऱ्या बोलण्यानं मी विरघळले. तो म्हणाला, आम्ही खेड्यातही देणार.

खेड्याला तेव्हा गॅस नव्हताच. आमची एजन्सी शहरापुरती. माझं माहेर गोदाकाठचं, शहागडजवळचं. तिथं कापसाच्या पऱ्हाट्या आणि बाभळीचं सरपण यांवर स्वयंपाक करणाऱ्या माझ्या बहिणी, भावजया, मैत्रिणी दर उन्हाळ्यात मला विचारायच्या की आमचा नंबर कधी. मी हसून वेळ मारून न्यायची. आता सांगायला काहीतरी होतं.

शेठजींना सांगायला गेले तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, “बाई, ह्यांचा गॅस तर बोटीनं येणार. तिकडं भाव चढला, मंग हे कसा देणार?” आपली एवढ्या वर्षांची मक्तेदारी जाते म्हणून शेठजी असं बोलतात, असं मी मनात ठरवून टाकलं आणि नमस्कार करून निघाले. रशीदभाई गोडाऊनच्या दारात उभे होते. नळ्या दोन वर्षांनी बदलायला सांगत जा, एवढंच ते म्हणाले.

नव्या कंपनीत मी मनापासून काम केलं. अंबड, वडीगोद्री, शहागड, मधली गावं. जीपमध्ये टाक्या घालून जायचो. चावडीजवळ शेगडी मांडून मी दूध तापवून दाखवायची. गावातली माणसं गोळा व्हायची, पण प्रश्न बायका विचारायच्या, तोंडावर पदर घेऊन, मागून.

शहागडला माझी बालमैत्रीण अनसूया होती. आम्ही चौथीपर्यंत एका फळीवर बसलो होतो. तिला शहागडात दिलं होतं. नवऱ्याच्या दम्यामुळं शेत वाट्यानं दिलेलं, म्हणून तिनं नदीच्या पुलाजवळ रस्त्याला लागून पत्र्याचं हॉटेल टाकलं होतं. ट्रकवाले भाकरी-पिठलं, शेवभाजी खायला थांबायचे. सकाळपासून तिच्यासमोर दोन चुली धडधडत असायच्या. तिचे डोळे कायम लाल. नवऱ्याचा दमा त्या धुरानं वाढला असं डॉक्टर म्हणाले होते. मी तिला हॉटेलवाल्यांसाठीची मोठी टाकी घ्यायला सांगितलं. ती विचारात पडली होती. टाकी संपली तर, कंपनी बंद पडली तर, असं तिनं विचारलं. मी हसले. केवढी मोठी कंपनी आहे, बंद पडायला काय पानटपरी आहे, असं म्हणाले. हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं.

तिनं टाकी घेतली. मी माझ्या हातानं जोडली. पहिल्या दिवशी तिनं निळ्या ज्योतीवर भाकरी टाकली आणि नवरा जवळ येऊन बसला. एरवी तो चुलीच्या वेळी पुलावर जाऊन बसायचा. तिला बघून गावातल्या आणखी सहा-सात घरांनी नावं दिली.

दोन वर्षंही पुरी झाली नाहीत. आधी भाव वाढला. मग पुन्हा वाढला. परदेशात गॅस महागला, रुपया घसरला, अशी कारणं निखिल सांगायचा, आणि ती खोटी नव्हती. शेठजींकडच्या सरकारी गॅसचा तोटा सरकार सोसत होतं. आमचा कोण सोसणार? गाडी आठवड्याला यायची ती पंधरवड्याला यायला लागली, मग महिना गेला तरी नाही. वरच्या कचेरीत फोन कुणी उचलेना. एका दुपारी निखिल घरी आला. त्याच्या हातात पिशवी होती आणि चेहरा उतरलेला. त्याला तीन महिने पगार नव्हता. तो त्या दिवशीच पुण्याला निघाला होता. पिशवीतून त्यानं गिऱ्हाइकांची यादी काढून माझ्यापुढं ठेवली. वही दुकानात ठेवली तर कुणी रद्दीत घालेल, तुमच्याकडं असू द्या, म्हणाला. जाताना तो माझ्या पाया पडला. मुलगा वाईट नव्हता. त्यालाही कुणीतरी मोठी कंपनी म्हणून सांगितलेलं होतं.

यादीत एकशे चौदा घरं होती. लोकांच्या अनामती बुडाल्या, त्याबद्दल मला शिव्याही बसल्या, आणि त्या मी ऐकून घेतल्या. पण मला खरी धास्ती होती ती दुसऱ्या गोष्टीची. ह्या टाक्यांची तोंडं वेगळी होती, सरकारी लाल टाकीचं रेग्युलेटर त्यांना बसत नव्हतं. माणसाला एकदा ज्योतीची सवय लागली की तो गप्प बसत नाही. गॅरेजवाले लाल टाकीतला गॅस निळ्या टाकीत उतरवून देतात, असं माझ्या कानावर यायला लागलं. गॅस उतरवायचं ते काम कारखान्यातही जपून करतात. इथं ते अंगणात, चुलीशेजारी चालणार होतं.

मी यादी घेऊन घरोघर जायचं ठरवलं. रेग्युलेटर काढून घ्यायचं, टाकी बंद करून बाहेर ठेवायला सांगायचं. मास्तर म्हणाले, तू नोकर होतीस, मालक नव्हतीस, तुझ्यावर याची जबाबदारी येत नाही. त्यांचं कायद्यानं बरोबर होतं. पण त्या एकशे चौदा घरांपैकी एकानंही मालकाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. दारात मीच उभी राहिले होते.

आधी जालन्यातली घरं केली. मग एका सकाळी शहागडची एसटी धरली. अकराच्या सुमाराला पुलाच्या अलीकडे उतरले आणि दहा पावलं गेले नाही तोच वास आला. वारा नव्हता. हॉटेल अजून चाळीस-पन्नास पावलांवर होतं.

धावत जवळ गेले, तेव्हा समोर काय चाललंय ते कळायला क्षणही लागला नाही. अनसूयाच्या चुलीवर डाळ शिजत होती, जाळ वर आलेला. हॉटेलच्या मागं, पत्र्याच्या आडोशाला, एक गॅरेजवाला लाल टाकी उलटी करून निळ्या टाकीत गॅस उतरवत होता. जोड सुटला होता आणि गॅस पांढरा धूर सोडत खाली जमिनीवर पसरत होता. जमिनीला उतार चुलीकडेच होता. बाजेवर दोन ड्रायव्हर जेवत होते. एक ट्रक नुकताच येऊन थांबला होता.

इतकी वर्षं मी दुसऱ्यांना शिकवत आले होते. आवाज निघाला तोही शिकवतानाचाच निघाला, सावकाश आणि स्पष्ट. “अनसू, चूल विझव. आत्ता.”

अनसूयानं माझ्याकडं पाहिलं. पाण्याचा ड्रम बाहेर होता. तिनं चुलीवरचं डाळीचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि सगळं चुलीत ओतलं. मग परातीतलं कालवलेलं पीठ निखाऱ्यांवर थापलं. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. मी ड्रायव्हरांना विडी टाकायला आणि रस्त्याच्या पलीकडे जायला सांगितलं. ट्रकवाला गाडी चालू करून मागं घ्यायला निघाला होता, त्याला हात जोडून थांबवलं. त्यानं, क्लीनरनं आणि जेवणाऱ्या दोघांनी मिळून गाडी ढकलत पुढं नेली.

गॅरेजवाला पळाला होता. मी मागं गेले, श्वास धरून लाल टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. माझा तळवा त्या सुटलेल्या गॅसखाली आला. गॅस उतरताना बर्फापेक्षा गार असतो, हे मी लोकांना सांगायची, पण त्यानं कातडी भाजते हे मला त्या दिवशी कळलं. हात आधी पांढरा पडला, मग त्याची जाणीवच गेली. अनसूया आणि मी दोन्ही टाक्या ओढत नदीच्या मोकळ्या वाळूत नेल्या. मग आम्ही सगळे रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली तासभर बसलो. वास विरत गेला. काहीही पेटलं नाही.

ड्रायव्हर बोलायला लागले, एकानं चहाची आठवण काढली. माझ्या हाताला अनसूयानं पदर भिजवून गुंडाळला. गाठ मारता मारता माझ्याकडं न बघता ती म्हणाली, “कंपनी कोण होती मला काय ठाव? तू आल्तीस म्हणून मी घेतलं. तू न्हाई म्हणली असतीस तर घेतलंच नसतं.”

ती रागानं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती जे झालं ते सांगत होती. मी रेग्युलेटर काढून पिशवीत टाकलं आणि दुपारच्या गाडीनं परत आले. मागं वळून पाहिलं तेव्हा ती ओली चूल उकरून राख बाहेर टाकत होती आणि नवरा पुलाच्या दिशेनं चालत निघाला होता.

एसटी स्टँडवरून घरी न जाता मी थेट मदनलालजींच्या एजन्सीत गेले. दोन वर्षांत त्या पायऱ्या चढले नव्हते. शेठजींनी आधी हाताकडं पाहिलं. मी सगळं सांगितलं. नोकरी मागायला आले नाही, खेड्यांतली पासष्ट घरं उरली आहेत, माझा हात निकामी आहे, रशीदभाईंना माझ्यासोबत द्या, एवढंच म्हणाले. शेठजी बोलू शकले असते. बोटीचा प्रश्न त्यांनी विचारला होता आणि मी नुसता नमस्कार करून निघाले होते, ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. ते म्हणाले, “पयले दवाखान्यात जा, बाई. टेंपो उद्या सकाळी लावतो.”

पुढचे दीड महिने आम्ही गावोगाव हिंडलो. रशीदभाई जोडणी सोडवायचे, मी बोलायचे. शेठजींनी पुरवठा खात्याला कळवून टाक्या जमा करायची व्यवस्था केली. काही घरांत पाणी मिळालं, काही घरांत दार लागलं. एका गावात एक म्हातारी मला म्हणाली की सुनेला चूल पेटवता येईना आता, ते तरी शिकवून जा. मी खरंच बसले आणि शिकवलं. डाव्या हातानं फुंकणी धरून. रशीदभाई अंगणात तोंड फिरवून उभे होते.

शेवटचं घर झालं त्या संध्याकाळी जालन्यात शिरताना टेंपोत रशीदभाई म्हणाले, “सेठ बोल्ले, बाईकू बोलो, कल नौ बजे आव.” दुसऱ्या दिवशी नऊ वाजता गेले. हजेरीपटावर माझं नाव आधीच लिहिलेलं होतं, खाली सर्वांत शेवटी, नव्या माणसासारखं. ते योग्यच होतं.

त्यानंतर मी तिथंच राहिले. हळूहळू काळ पालटला. सरकारी कंपन्यांकडंही गॅस भरपूर यायला लागला, प्रतीक्षायादी संपली, आणि दोन हजार सालानंतर तर एजन्सीवालेच गिऱ्हाईक शोधत खेड्यात जायला लागले. ज्या टाकीसाठी माणसं साहेबांच्या चिठ्ठ्या आणायची ती दारावर येऊन घ्या म्हणायला लागली. हे चांगलंच झालं. पण बाजार उघडला म्हणून गॅस आला, असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की मला मधली वर्षं आठवतात. दार एकदा अर्धवट उघडून बंद झालं होतं, आणि त्यात काही माणसांची बोटं सापडली होती.

अनसूयाकडं मी अधूनमधून जात असे. ती चहा द्यायची, चुलीवरचा. मी गॅसचं नाव काढत नसे, तीही नाही. नवरा पुढं वारला. दम्यानं. मी दहाव्याला गेले होते. तिथं मला कुणी काही म्हणालं नाही, आणि मला त्या गर्दीत उभं राहवत नव्हतं. ती दोन वर्षं तो तिच्याजवळ बसून जेवला होता, हे मला माहीत होतं.

माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले असतील. आता मी टेबलामागं बसून नव्या जोडण्यांचे अर्ज भरून घ्यायची. दुपारी गर्दी कमी असताना अनसूया आत आली. सोबत कुणी नव्हतं. शहागडहून ती एकटी आली होती, रेशनकार्ड आणि फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून. समोरच्या खुर्चीवर बसली. तिच्या गावाजवळ आमची गाडी जायला लागली होती, तिथंच अर्ज देता आला असता. मी तसं म्हणाले.

“तिथं तू न्हाईस,” ती म्हणाली.

मी अर्ज काढला. नाव, गाव, वय. मी लिहीत होते आणि ती बघत होती. सही करायच्या जागी बोट ठेवून मी कागद तिच्याकडं फिरवला. तिनं पेन हातात घेतलं आणि थांबली. मग तिनं मला तोच प्रश्न विचारला जो पहिल्यांदा विचारला होता, की ही बंद पडली तर. आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा कारकून ऐकत होता. नव्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते भिंतीवर छापून लावलेलं होतं. मी तिला म्हणाले, “मला सांगता येत नाही, अनसू. पडणार नाही असं वाटतं. पण पडली तर माझं घर तुला माहीत आहे.”

तिनं पेन कागदावर टेकवलं.

“मंग बराबर हे,” ती म्हणाली, आणि चौथीत शिकलेल्या अक्षरांत, एकेक अक्षर सुटं काढत, तिनं सही केली.